गच्चीवरची ओढणी

महापेतल्या आमच्या इमारतीला खिडक्या नाहीत.
आत यंत्रं गारव्यात घुमत असतात,
आम्ही जर्किन घालून त्यांच्या उशाशी.
कुठल्या बँकेचा पैसा, कुठल्या इस्पितळाचे एक्स-रे
कुठल्या रॅकमध्ये, डोळे मिटून सांगेन.
बाहेर वारा कुठून सुटलाय
हे मात्र मला तीन वर्षं कधी माहीत नव्हतं.

ते यमुनाताई मढवींना माहीत असायचं.
पद : सुरक्षा व आपत्ती.
टेबल : जिन्याखाली.
हाताखाली माणसं : नाहीत.
त्यांनी गच्चीवरच्या पाइपाला
लेकीची जुनी केशरी ओढणी बांधली होती.
चारुदत्त सर म्हणाले, क्लायंट येतात, बरं दिसत नाही.
त्या म्हणाल्या, वाऱ्याचं यंत्र मागवा की,
ते येईस्तोवर राहू दे.
यंत्र आलं नाही.

दर तिमाहीला सराव.
भोंगा वाजला की आम्ही रमतगमत खाली,
निम्मे टपरीवर,
आणि त्या उन्हात, यादीवर बोट ठेवून.
दोनशे बारा. पूर्ण.
पूर्ण म्हणूनही त्या उभ्याच.
"संडास धुणारी सुगरा कुठाय?
डिझेलच्या टँकरवाला?
कॅन्टीनमधला तो ओडिया पोरगा, बनमाळी,
त्याला कुणी सांगितलं का, भोंगा म्हणजे काय?"
ते कंत्राटी आहेत, सर म्हणाले.
"वायूला कंत्राट वाचता येत नाही."
आणि पेनानं खाली सात ओळी आखल्या.
आठव्या ओळीवर एक फोन नंबर,
पावणे गावातल्या आशाताईचा, निर्मला वाघे.
आम्ही हसलो होतो. मीसुद्धा.

मे महिन्यात त्या निवृत्त झाल्या.
यादी माझ्या ड्रॉवरमध्ये आली.

नोव्हेंबर. रात्री दोन दहा.
तीन प्लॉट पलीकडे कुठलासा व्हॉल्व्ह सुटला.
वॉचमनचा फोन, नुसता खोकला, शब्द नाहीत.
वर्षाला बावन्न मिनिटं,
एवढीच आम्हाला बंद पडायची मुभा,
करारात आहे.
मी बाहेरची हवा आत घेणारे पंखे बंद केले.
मग गच्चीवर गेलो, तोंडाला ओला रुमाल,
टॉर्च मारला.
ओढणी दक्षिण फाटकाकडे ताठ.
सरावात आम्ही नेहमी तिथेच जमायचो.

वाऱ्याला आडवं चाला, असं त्या म्हणायच्या,
पाठ देऊ नका, तो मागून येतो.
मागच्या फाटकाचं कुलूप तोडलं.
एकतीस माणसं. मग खालच्या ओळी :
सुगरा नाही, तिची दिवसपाळी.
टँकर नाही.
बनमाळी.
बनमाळी?
आला, शेवटी, डोळे गळत,
कॅन्टीनचा सिलिंडर बंद करून,
चहाचं पातेलं का कोण जाणे हातात तसंच.

निर्मलाताईनं पहिल्याच रिंगला उचललं.
तिच्या डायरीत होतं कोणाला दमा,
कोण ओली बाळंतीण, कोण खाटेवरून उठत नाही.
एक्केचाळीस दारं.
कुठलं आधी ठोकायचं ते तिनं मला विचारलं नाही.

पंख्यांविना दोन दालनं तापली, आपोआप मिटली.
चौसष्ट मिनिटं.
सकाळी पडद्यावर चौसष्टचा आकडा लाल.
बारा जास्त का, यावर पाऊण तास.
मी म्हणालो, निर्णय माझा.
कोणी काही बोललं नाही.
मनुष्यहानी, सरांनी विचारलं.
नाही.
शून्य लिहिलं, पुढची स्लाइड.
सर मात्र खिडकी शोधल्यासारखे
बराच वेळ भिंतीकडे बघत होते.

दुपारी यमुनाताईंना फोन केला.
त्या जवळा निवडत होत्या.
सगळं ऐकलं, मग :
"तो पोरगा?"
आला बाहेर.
"आणि ओढणी?"
विटलीय. टोकाला फाटलीय.
"कोपरखैरण्याच्या बाजारात घे नवी.
सुती नको हां,
भिजली की उडत नाही."